अनंतापेक्षा ‘सगळे उपसंच’ ही कल्पना अधिक अवघड आहे

आपण विचारलेल्या प्रश्नात खरे तर तीन शंका आहेत. पहिली अशी, की संच म्हणजे काय याची व्याख्याच कोणी देत नसताना अनंत संचांबद्दल इतक्या ठामपणे कसे बोलता येते? दुसरी, भास्कराचार्यांनी खहर, म्हणजे छेद शून्य असलेल्या, राशीबद्दल जे लिहिले तेच संच सिद्धांताचा जनक कँटरने पुढे वेगळ्या शब्दांत मांडले का? आणि तिसरी, जी आपल्याला सर्वांत जास्त सतावते आहे असे दिसते: कंटिन्युअम परिकल्पना (नैसर्गिक संख्यांचे अनंत आणि वास्तव संख्यांचे अनंत यांच्या मधला आकार नाही, हा कँटरचा अंदाज) सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, हे एकदा ठरल्यावर मानवी बुद्धीची सीमा गणितानेच आखून दिली असे मानावे का? यासाठी आपण तर्कशास्त्रज्ञ गोडेलच्या अपूर्णता प्रमेयाचाही दाखला दिला आहे. तर्कशास्त्र आणि संच सिद्धांत हे विषय मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवत आलो आहे आणि ही तिसरी शंका विद्यार्थी या ना त्या रूपात विचारतातच. माझे म्हणणे थोडक्यात असे, की अनंत ही कल्पना वाटते तितकी दुर्बोध नाही. दुर्बोध आहे ती ‘एखाद्या अनंत संचाचे सगळे उपसंच’ ही कल्पना, आणि बुद्धीच्या मर्यादेचे पुरावे म्हणून जे निकाल पुढे केले जातात त्यांपैकी बरेचसे याच एका ठिकाणी येऊन थांबतात.

भास्कराचार्यांची शंका आधी बाजूला करतो, कारण तिचे उत्तर लहान आहे. ‘बीजगणित’ या ग्रंथात ते सांगतात, की ज्या राशीचा छेद शून्य आहे तिच्यात काहीही मिळवले किंवा तिच्यातून काहीही वजा केले तरी तिच्यात विकार होत नाही; प्रलयाच्या आणि सृष्टीच्या काळी असंख्य जीव अच्युतात शिरले किंवा त्यातून बाहेर पडले तरी त्याच्यात जसा फरक पडत नाही, तसेच हे. अनंतात सांत (मर्यादित) राशी मिळवल्याने अनंत बदलत नाही, हे निरीक्षण अचूक आहे. मात्र दोन अनंत राशी एकमेकींपेक्षा लहानमोठ्या असू शकतात का, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. तो प्रश्न जैन ग्रंथकारांनी अधिक गंभीरपणे घेतलेला दिसतो. त्यांनी संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद केले आणि त्यांचेही पुढे पोटभेद पाडले. नवव्या शतकातील वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेत ही चर्चा विस्ताराने येते. अनंत एकच नसावे ही जाणीव तेथे नक्कीच आहे. परंतु दोन अनंत संच समोर ठेवले असता त्यांची तुलना नेमकी कोणत्या कसोटीवर करायची, ही कसोटी कँटरची आहे, आणि तिचे श्रेय मागे ढकलत नेण्याचा आपल्याकडचा उत्साह मला पटत नाही.

ती कसोटी म्हणजे एकास एक संगती. १६३८ मध्ये गॅलिलिओने दाखवले होते, की प्रत्येक नैसर्गिक संख्येची तिच्या वर्गाशी जोडी लावता येते, म्हणजे १ ची १ शी, २ ची ४ शी, ३ ची ९ शी. आणि तरीही वर्गसंख्या या नैसर्गिक संख्यांचा केवळ एक भाग आहेत. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला, की समान, लहान आणि मोठे हे शब्द अनंताला लागूच पडत नाहीत. तो निष्कर्ष सावध होता, पण त्याने पुढची वाट बंद केली. हाले विद्यापीठात काम करणाऱ्या गेओर्ग कँटरने नेमके उलट केले: जोडी लागते तर दोन्ही संच समान आकाराचे मानायचे, भाग आणि पूर्ण यांविषयीची जुनी सवय सोडून द्यायची, आणि मग काय निघते ते पाहायचे. निघाले ते असे. परिमेय संख्यांची नैसर्गिक संख्यांशी जोडी लागते. वास्तव संख्यांची मात्र लागत नाही. हे डिसेंबर १८७३ मध्ये त्याने गणिती रिखार्ड डेडेकिंडला पत्राने कळवले आणि १८७४ मध्ये प्रसिद्ध केले. १८७७ मध्ये त्याला रेषाखंडावरील बिंदू आणि पूर्ण चौरसातील बिंदू यांच्यात एकास एक संगती सापडली, तेव्हा डेडेकिंडला लिहिलेल्या जर्मन पत्रात त्याने मध्येच फ्रेंचमध्ये लिहिले, की मला हे दिसते आहे, पण यावर माझा विश्वास बसत नाही. हे वाक्य पुष्कळदा चमत्काराच्या सुरात उद्धृत केले जाते. प्रत्यक्षात तो डेडेकिंडला सिद्धता तपासून देण्याची विनंती करत होता, आणि डेडेकिंडने त्या सिद्धतेच्या पहिल्या रूपातील एक उणीव दाखवूनही दिली होती. विश्वास बसो वा न बसो, सिद्धता दुसऱ्याला तपासता येते, हा त्या प्रसंगाचा मला महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

आता कँटरची १८९१ ची कर्ण-युक्ती आजच्या भाषेत सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. कोणताही संच घ्या. त्याला अ म्हणू. समजा कोणी असा दावा केला, की अ च्या प्रत्येक घटकाला अ चा एकेक उपसंच नेमून दिला आहे आणि या नेमणुकीत एकही उपसंच सुटलेला नाही. मग अ मधील असे घटक वेगळे काढा, जे स्वतःला नेमून दिलेल्या उपसंचात नाहीत. या घटकांचा जो उपसंच होईल त्याला ब म्हणू. ब हा कोणत्या घटकाला नेमला असेल? समजा तो क या घटकाला नेमला आहे. क जर ब मध्ये असेल तर ब च्या व्याख्येनुसार तो ब मध्ये असता कामा नये, आणि नसेल तर त्याच व्याख्येनुसार तो असलाच पाहिजे. म्हणून ब कोणालाच नेमलेला नाही आणि दावा खोटा आहे. तीन घटकांच्या संचाला आठ उपसंच असतात हे शाळेत कळते. येथे कळते ते असे, की संच कितीही मोठा असला, अनंत असला, तरी त्याच्या उपसंचांचा संच त्याहून मोठाच असतो, आणि म्हणून अनंताच्या आकारांना शेवट नाही. ही सिद्धता एका परिच्छेदात संपते, तिच्यात कोठेही अनंत वेळ लागणारी कृती करावी लागत नाही, आणि ती समजण्यास बारावीच्या पलीकडचे गणित लागत नाही. सांत बुद्धीला अनंत कळू शकत नाही, असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला माझे पहिले उत्तर हेच आहे. अनंत संचातील प्रत्येक घटक मनासमोर मांडणे आणि त्या संचाविषयी काही निश्चित जाणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली अशक्य असल्याने दुसरी अशक्य ठरत नाही.

खरी अडचण आली ती याच युक्तिवादातून. बर्ट्रांड रसेलने १९०१ मध्ये अ च्या जागी ‘सर्व संचांचा संच’ घेऊन पाहिले. तसे केल्यास ब होतो तो ‘स्वतःचा घटक नसलेल्या सर्व संचांचा संच’, आणि तो स्वतःचा घटक आहे असे म्हटले तरी विसंगती येते, नाही म्हटले तरी येते. जून १९०२ मध्ये रसेलने हे तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगला कळवले, तेव्हा फ्रेगच्या अंकगणिताच्या पायावरील ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. येथे अनंताचा काही दोष नव्हता, हे लक्षात घ्यावे. दोष होता तो कोणतेही वर्णन दिले की त्यात बसणाऱ्या सगळ्या वस्तूंचा संच तयार होतोच, या गृहीतात. कँटरला स्वतःला याची कल्पना होती. १८९९ मध्ये डेडेकिंडला लिहिलेल्या पत्रांत त्याने काही समुदाय एकत्र धरून एक वस्तू मानताच विसंगती निर्माण करतात असे सांगितले आहे, आणि अशा अमर्याद समुदायांना त्याने संचांपासून वेगळे ठेवले आहे.

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर येथे मिळते. युक्लिडच्या भूमितीच्या आधुनिक मांडणीत बिंदू आणि रेषा यांच्या व्याख्या देत नाहीत. त्यांच्याविषयी कोणती गृहीतके मान्य करायची ते सांगतात. संचाचेही तसेच आहे. एर्न्स्ट झर्मेलोने १९०८ मध्ये अशी गृहीतके मांडली आणि पुढे फ्रेंकेल व स्कोलेम यांनी त्यांत भर घातली. त्यातील निर्णायक बदल असा, की वर्णन देऊन हवेतून संच निर्माण करता येत नाही. आधीच हाती असलेल्या संचातून वर्णनात बसणारे घटक वेगळे काढता येतात, एवढेच. यामागचे चित्रही आता पुरेसे स्पष्ट आहे. रिक्त संचापासून सुरुवात करायची, प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्यातील वस्तूंचे सगळे उपसंच घ्यायचे, आणि हे अनंत टप्प्यांच्याही पुढे चालू ठेवायचे. या चित्रात सर्व संचांचा संच कोणत्याच टप्प्यावर येत नाही, म्हणून रसेलची विसंगतीही येत नाही. ‘सगळे उपसंच’ हा शब्दप्रयोग मात्र त्या चित्राच्या मध्यभागी तसाच बसून राहिला आहे.

कंटिन्युअम परिकल्पना ही त्याचीच परीक्षा आहे. कँटरने १८७८ मध्ये असा अंदाज मांडला, की वास्तव संख्यांचा कोणताही अनंत उपसंच घेतला तर तो एक तर नैसर्गिक संख्यांइतका असतो, नाही तर सर्व वास्तव संख्यांइतका. मधला आकार नाही. जर्मन गणिती हिल्बर्टने १९०० मध्ये पॅरिस येथे मांडलेल्या प्रश्नांच्या यादीत हा पहिला प्रश्न होता. या विषयावर लोकांसाठी लिहिताना एक गोष्ट जवळजवळ नेहमी वगळली जाते, आणि ती मला सर्वांत बोलकी वाटते. ज्या उपसंचांचे आपण प्रत्यक्ष वर्णन करतो त्यांच्याबाबत कँटरचा अंदाज बरोबर आहे. संवृत संचांसाठी (ज्यांत त्यांचे सगळे सीमाबिंदू असतात) तो कँटरनेच सिद्ध केला, आणि १९१६ मध्ये हाउसडॉर्फ व अलेक्सांद्रोव्ह यांनी तो बोरेल संचांसाठी, म्हणजे रेषाखंडांपासून जोडणे, छेदणे आणि वगळणे या क्रिया वारंवार करून मिळणाऱ्या संचांसाठी, सिद्ध केला. गणिती विश्लेषणात रोज भेटणारे जवळजवळ सगळे संच या वर्गात येतात. म्हणजे मधल्या आकाराचा एखादा संच असेलच, तर तो ज्यांचे सरळ वर्णन करता येत नाही अशांपैकी असणार. प्रश्न अनंताचा नाही. वर्णनाच्या बाहेर असलेल्या उपसंचांपैकी कोणते ‘आहेत’ म्हणायचे, हा आहे.

गोडेल आणि कोहेन यांचे निकाल याच अंगाने वाचावेत असे मी सुचवतो. कुर्ट गोडेलने १९३८ मध्ये ‘सगळे उपसंच’ याचा शक्य तितका अरुंद अर्थ घेतला: प्रत्येक टप्प्यावर केवळ तेच उपसंच घ्यायचे, ज्यांची व्याख्या आधीच्या टप्प्यातील वस्तू वापरून करता येते. या काटकसरीच्या विश्वात संच सिद्धांताची सर्व गृहीतके पाळली जातात आणि कंटिन्युअम परिकल्पना सत्य ठरते. पॉल कोहेनने १९६३ मध्ये उलट दिशा धरली. एक विश्व घेऊन त्यात नैसर्गिक संख्यांचे नवे उपसंच असे बेताने घालायचे, की गृहीतके मोडत नाहीत, पण उपसंचांची संख्या हवी तेवढी वाढते. मग परिकल्पना असत्य ठरते. या कामासाठी त्याला १९६६ मध्ये फील्ड्स पदक मिळाले. दोन्ही निकाल एकत्र वाचले की कळते ते असे, की झर्मेलो आणि फ्रेंकेल यांची गृहीतके उपसंचांचे विश्व किती रुंद असावे हे ठरवतच नाहीत. जे त्या यादीत लिहिलेलेच नाही ते तिच्यातून निघाले नाही, यात बुद्धीचा पराभव कोणता? समांतर रेषांचे गृहीतक युक्लिडच्या उरलेल्या गृहीतकांतून निघत नाही, हे एकोणिसाव्या शतकात कळले तेव्हा भूमितीची वाढ झाली. तिची सीमा गाठली असे कोणी म्हटले नाही.

अर्थात ही तुलना पूर्ण लागू पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भूमिती अनेक असू शकतात हे आपण सहज मान्य करतो; पण १, २, ३, ४ अशा पुढे चालणाऱ्या सर्व नैसर्गिक संख्यांचे उपसंच कोणते, याला अनेक उत्तरे असू शकतात हे मान्य करणे जड जाते. गोडेललाही ते मान्य नव्हते. १९४७ मधील लेखात त्याने परिकल्पना बहुधा असत्य आहे आणि पुढे नवी गृहीतके सापडून तसे ठरेल, असे मत मांडले. या बाबतीत मला अधिक अस्वस्थ करतो तो स्कोलेमचा १९२२ मधील युक्तिवाद. संच सिद्धांताची गृहीतके सुसंगत असतील, तर ती पाळणारे असे एक विश्व असते, ज्यातील एकूण वस्तू नैसर्गिक संख्यांइतक्याच आहेत. तरीही त्या विश्वात ‘अगणनीय (नैसर्गिक संख्यांशी जोडी न लागणारा) संच असतो’ हे विधान सत्य असते. यात विसंगती नाही. बाहेरून पाहणाऱ्याकडे त्या संचाची नैसर्गिक संख्यांशी जोडी लावणारी संगती असते. ती संगती त्या विश्वाच्या आत नसते, एवढेच. परंतु याचा अर्थ असा होतो, की अगणनीय म्हणजे नेमके काय, हे गृहीतकांची कोणतीही यादी स्वबळावर पक्के करू शकत नाही. तेथे आपण एका अभिप्रेत अर्थावर विसंबतो आणि तो अर्थ लेखी स्वरूपात पूर्णपणे हस्तांतरित करता येत नाही. आपण ज्याला समजण्याची मर्यादा म्हणता, तिच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मला हीच वाटते.

गोडेलच्या १९३१ च्या अपूर्णता प्रमेयाचा उल्लेख आपण केला आहेच, आणि त्याच्याइतका गैरवापर क्वचितच दुसऱ्या प्रमेयाच्या वाट्याला आला असेल. प्रमेय सांगते ते एवढेच, की गृहीतकांची यादी यांत्रिक रीतीने लिहिता येण्यासारखी असेल, सुसंगत असेल आणि तिच्यात बेरीज-गुणाकारासह पुरेसे अंकगणित बसत असेल, तर त्या यादीने सिद्धही न होणारे आणि खोटेही न ठरणारे विधान असतेच. अटी गाळल्या की प्रमेय उरत नाही. केवळ बेरजेचे अंकगणित संपूर्ण आहे, म्हणजे त्यातले प्रत्येक विधान सिद्ध तरी होते किंवा खोटे तरी ठरते, हे प्रेसबर्गरने १९२९ मध्येच दाखवले होते, आणि वास्तव संख्यांचे प्राथमिक बीजगणित संपूर्ण व निर्णेय (प्रत्येक विधानाचा निकाल यांत्रिक रीतीने लावता येणारे) आहे हे टार्स्कीने सिद्ध केले. तेव्हा ‘प्रत्येक व्यवस्था अपूर्ण असते’ हे वाक्य व्याख्यानात टाळ्या मिळवत असले तरी असत्य आहे.

शिवाय एका यादीची मर्यादा ही पुढच्या यादीची मर्यादा नसते. याचे मला आवडणारे उदाहरण गुडस्टीनचे आहे, कारण त्यात प्रश्न निव्वळ नैसर्गिक संख्यांचा आहे. एक संख्या घ्या, ती २ या पायावर लिहा, घातांकही त्याच पायावर लिहा. मग जेथे २ दिसेल तेथे ३ घाला आणि १ वजा करा. पुढच्या पायरीला ३ च्या जागी ४ घाला आणि पुन्हा १ वजा करा. ३ पासून सुरुवात केली तर ३, ३, ३, २, १, ० असा क्रम लगेच संपतो. ४ पासून केली तर ४, २६, ४१, ६०, ८३, १०९ असा तो चढत जातो, आणि तरीही तो अखेर शून्यावर येतो; मात्र त्यासाठी लागणाऱ्या पायऱ्यांची संख्या लिहायची तर तीच १२ कोटींहून अधिक अंकांची होते. कोणत्याही संख्येपासून सुरुवात केली तरी शेवट शून्यच, हे गुडस्टीनने १९४४ मध्ये सिद्ध केले, आणि हे पेआनोच्या अंकगणितात, म्हणजे नैसर्गिक संख्यांच्या नेहमीच्या गृहीतकांतून, सिद्ध होऊच शकत नाही, हे कर्बी आणि पॅरिस यांनी १९८२ मध्ये दाखवले. गुडस्टीनच्या सिद्धतेत प्रत्येक पायरीवर पायाच्या जागी कँटरची पहिली अनंत क्रमसंख्या (सर्व नैसर्गिक संख्यांनंतर येणारी पहिली संख्या) ठेवली जाते. मग चढत जाणाऱ्या संख्यांमागे एक सतत उतरणारा क्रम दिसतो, आणि क्रमसंख्यांचा उतार अनंत पायऱ्या चालू शकत नाही. सांत संख्यांचे वर्तन अनंताच्या आधारानेच उलगडले, आणि ते उलगडणारी सिद्धता पानभर लांबीची आहे.

मग कंटिन्युअम परिकल्पनेबाबत आज काय मानावे? जाणकारांत एकमत नाही. ह्यू वुडिन यांनी या शतकाच्या सुरुवातीला ती असत्य मानण्याच्या बाजूने युक्तिवाद केला आणि पुढे ते वेगळ्या कारणांनी ती सत्य ठरवणाऱ्या गृहीतकाकडे वळले. २०२१ मध्ये आस्पेरो आणि शिंडलर यांनी दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या गृहीतकांचा संबंध जोडला, आणि त्या दोन्हींतून परिकल्पना असत्य ठरते. जोएल हॅमकिन्स म्हणतात, की संचांची अनेक विश्वे आहेत आणि परिकल्पना कोठे सत्य व कोठे असत्य ठरते हे आपल्याला नीट माहीत आहे, हेच उत्तर. सॉलोमन फेफरमन यांचे मत होते, की नैसर्गिक संख्यांचा कोणताही, कसाही निवडलेला उपसंच ही कल्पनाच मुळात धूसर असल्याने हा निश्चित गणिती प्रश्न नाही.

माझा कल फेफरमन यांच्याकडे आहे, आणि त्याचे कारण तात्त्विक आवडनिवड एवढेच नाही. गोडेलच्या रचनेतूनच असे निघते, की कंटिन्युअम परिकल्पना गृहीत धरून नैसर्गिक संख्यांविषयी जे काही सिद्ध होते, ते ती गृहीत न धरताही सिद्ध होते. कोहेनच्या रचनेमुळे तिच्या नकाराबाबतही हेच खरे आहे, कारण नवे उपसंच घातल्याने अंकगणितातील सत्ये बदलत नाहीत. प्रचंड मोठ्या अनंतांच्या अस्तित्वाची गृहीतके मात्र तशी नाहीत. ती मान्य केल्यावर अंकगणितात आधी सिद्ध न होणारी विधाने सिद्ध होतात. संच सिद्धांताची नेहमीची गृहीतके सुसंगत आहेत, हे त्यांतलेच एक, आणि ते शेवटी संख्यांविषयीचे विधान म्हणून लिहिता येते. म्हणून कँटरने उघडलेल्या अनंताच्या वरच्या पायऱ्यांबाबत कोणी सत्यासत्याची भाषा केली तर मी ती समजू शकतो. नैसर्गिक संख्यांच्या सगळ्या उपसंचांची एकूण संख्या किती, या प्रश्नाबाबत तीच भाषा करणाऱ्याला मी विचारीन, की तुमचे उत्तर बरोबर की चूक हे कोणत्या गणनेवरून मला कधी तरी कळू शकेल.